तबकडी दिसेनाशी होते तिथं

गेल्या महिन्यातला रविवार. सकाळचे साडेदहा वाजले असतील. होडीत आम्ही तिघं होतो. वल्ह्यावर अण्णा, मांडीवर वही घेऊन बसलेला एक चौदा वर्षांचा मुलगा, आणि दोरी माझ्या हातात. दोरीच्या टोकाला थाळीएवढी गोल तबकडी, वीस सेंटिमीटर व्यासाची, दोन चतकोर काळे आणि दोन पांढरे. खाली वजन बांधलेलं, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टी. होडीच्या सावलीच्या बाजूला वाकून ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की पट्टी वाचायची, मग सावकाश वर ओढायची, पुन्हा दिसली की परत वाचायची. दोन्ही आकड्यांची सरासरी वहीत लिहायची. तळ्याचं पाणी किती नितळ आहे ते मोजायचं, एवढंच काम. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, शक्यतो त्याच वेळेला. मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. माझ्या शेजारी वाकून तोही पाण्यात बघत होता. एक मीटर तीस सेंटिमीटरला तो म्हणाला, "गेली." मी म्हटलं, "नाही, आहे अजून," आणि दोरी सोडत राहिले. चाळीस. पन्नास. साठ. "आता गेली," मी म्हटलं. त्याने काही न बोलता 1.6 लिहिलं. वर आणतानाही मला ती त्याच्या कितीतरी आधी दिसली. किनाऱ्याकडे परतताना त्याने हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला खरंच दिसत होती?"

मी हो म्हटलं.

त्याच्या आवाजात शंका नव्हती, नवल होतं. आपल्याला जे जमलं नाही ते या बाईंना जमतंय, सवयीचा परिणाम असेल, असं त्याने मानून टाकलं असावं. तो दप्तर सावरत निघून गेला. मी मात्र घरी येऊन ओली दोरी वाळत घातली, तबकडी पुसून ठेवली आणि तशीच बसून राहिले. कारण वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी मला सांगितलंय की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागलाय. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा मला फुटल्यासारखा दिसतो. फिकट पाटीवरची फिकट अक्षरं लागत नाहीत. गढूळ पाण्यातली तबकडी म्हणजे फिकटावर फिकटच. मग चौदा वर्षांच्या कोवळ्या, लख्ख डोळ्यांना जे दिसेना, ते मला तीस सेंटिमीटर आणखी खोलवर कुठून दिसलं?

ती तबकडी मी स्वतः रंगवलेली आहे. कोणत्या चतकोरावर ब्रशचा ओघळ आलाय, कुठे काठाचा पोपडा निघालाय, हे मला अंधारातही सांगता येईल. ती खाली कुठे आहे हे माझ्या हाताला दोरीवरून कळत असतं. आणि तिथं ती दिसावी असं मला फार वाटत असतं. या तिन्हींत डोळ्यांचा वाटा किती, हा हिशेब त्या दिवशी काही केल्या लागेना.

अशी तबकडी पहिल्यांदा पाण्यात सोडली ती अँजेलो सेक्की या माणसाने, 1865 सालच्या एप्रिलमध्ये, भूमध्य समुद्रात, पोपच्या जहाजावरून. सेक्की धर्मगुरू होता आणि खगोलशास्त्रज्ञही. ताऱ्यांच्या प्रकाशाचं पृथक्करण करून त्यांचे वर्ग पाडणारा हा माणूस जहाजाच्या कठड्यावरून वाकून वेगवेगळ्या आकारांच्या, रंगांच्या तबकड्या समुद्रात बुडताना बघत होता, हे चित्र मला फार आवडतं. पुढे 1899 मध्ये जॉर्ज व्हिपल याने तिचे काळे-पांढरे चतकोर केले. त्यानंतर पाणी मोजण्याची कितीतरी यंत्रं आली, पण तबकडी जवळजवळ आहे तशीच राहिली. विजेरी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक दोरी, एक वजन आणि एक डोळा. म्हणूनच ती तज्ज्ञांच्या हातातून लोकांच्या हातात आली. अमेरिकेत मिनेसोटातले रहिवासी 1973 पासून आपापल्या तळ्यांत ती सोडताहेत. 1994 मध्ये रॉबर्ट कार्लसन या शास्त्रज्ञाने, वर्षातल्या ठरावीक दिवसांत जमेल तितक्या लोकांनी जमेल तितक्या तळ्यांत तबकडी सोडून आकडा कळवावा, असा उपक्रम सुरू केला. आम्ही सुरुवात केली तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं. नंतर वाचलं आणि एकदम कुटुंब मोठं झाल्यासारखं वाटलं. अमेरिकेतल्याच टाहो सरोवरात तर 1968 पासून ही मोजणी अखंड चालू आहे. पहिल्या वर्षाची सरासरी सुमारे 31 मीटर. म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खालची तबकडी दिसावी इतकं नितळ पाणी. 2017 साली ती सुमारे 18 मीटरवर आली. जेमतेम दीड मीटरपर्यंत दिसणाऱ्या आमच्या तळ्यावरून मी जेव्हा हे आकडे वाचले, तेव्हा 18 मीटरचाही हेवा वाटला. पण तिथल्या लोकांना ते तेरा मीटर गमावल्याचं दुःख आहे, आणि त्यांचं दुःख खरं आहे. त्यांच्याकडे वही होती म्हणून आपण नेमकं किती गमावलं ते त्यांना सांगता येतं.

आमच्याकडे वही नऊ वर्षांची आहे. त्याआधीचं जे काही आहे ते माझ्या पायांच्या बोटांत आहे. बाबांनी मला याच तळ्यात पोहायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला गळ्याएवढ्या पाण्यात उभं केलं आणि म्हणाले, "खाली बघ. स्वतःचे पाय दिसतायत ना? मग घाबरायचं कशाला?" पाय दिसत होते. वाळूत रुतलेली दहा बोटं, त्यांच्यावर हलणारं उन्हाचं जाळं, घोट्याला चाटून जाणारे करंगळीएवढे मासे. पाण्याला थंडगार, किंचित लोखंडासारखी चव होती. पोहता पोहता गिळलं तरी कुणी ओरडत नसे. नळालाही तेच पाणी यायचं, वाळूच्या थरातून गाळून आणि औषध टाकून. खोल पाण्याची भीती माझ्या मनातून गेली ती बाबांच्या हातामुळे कमी आणि त्या दिसणाऱ्या पायांमुळे जास्त. आज त्याच जागी गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर घोटा हिरवट धुक्यात विरून जातो आणि तळपायाला वाळू नाही, लिबलिबीत गाळ लागतो.

अमेरिकेत पटक्सेंट नदीकाठचे बर्नी फाउलर नावाचे एक लोकप्रतिनिधी होते. तरुणपणी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांना आपले पाय दिसत. 1988 पासून दर जूनमध्ये ते पांढरे बूट घालून नदीत उतरू लागले. दोन्ही बाजूंनी लोक हात धरून रांगेत चालत. बूट दिसेनासे झाले की थांबायचं, बाहेर येऊन कपड्यावरची ओली रेघ मोजपट्टीने मोजायची. 2021 च्या डिसेंबरमध्ये ते वारले. तरुणपणी दिसायचे तसे पाय त्यांना पुन्हा कधी दिसले नाहीत. पण त्या रांगेत त्यांचा हात धरून चाललेली कितीतरी मुलं आता मोठी झाली असतील. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. त्यांचे पाय आणि माझे पाय मला एकाच पाण्यात दिसले.

पण त्यांच्यात आणि माझ्यात एक फरक आहे, तो मला त्या रविवारनंतर कळला. बूट दिसेनासे झाले की ते थांबत.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 साली एक गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे बघते तेच मूळ मानते आणि ऱ्हास मोजते तो तिथून पुढचा. त्याआधी गेलेलं तिच्या हिशेबातच येत नाही. माशांबद्दल लिहिलेलं ते, पण होडीतल्या मुलाला बघून मला तेच आठवत राहिलं. त्याच्यासाठी तळं हे असंच असतं. हिरवं. उन्हाळ्यात काठाला साय धरणारं. 1.3 हा त्याचा पहिला आकडा आहे, त्याचं मूळ. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, आणि मग वाटलं की त्याच्या डोळ्यांसमोर निदान समोरचं पाणी तरी आहे. माझ्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षांपूर्वीचं पाणी येऊन उभं राहतं आणि त्यातून मी आजची तबकडी बघते.

आमचा गट सुरू झाला तो वासामुळे. एका उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला मातीचा वास यायला लागला. पहिल्या सरीनंतर अंगणातून उठतो ना, अगदी तोच. त्या वासावर जीव टाकणारी मी, पण पेला ओठांशी नेल्यावर तोच वास आला तेव्हा पोटात कसंतरी झालं. नंतर कळलं की दोन्ही वासांमागे एकच रेणू आहे, जिओस्मिन. मातीतले जिवाणूही तो तयार करतात आणि तळ्यातलं निळं-हिरवं शेवाळही. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट असतं, लिटरभर पाण्यात पाच-दहा नॅनोग्रॅम असला तरी ओळखतं. तो स्वतः विषारी नसतो. शेवाळाची जी विषं खरोखर घातक, त्यांना मात्र वास नसतो. ज्यांच्याकडे तक्रार नेली त्यांनी "पाणी तपासलंय, उकळून प्या" एवढंच सांगितलं. जिवाणूंसाठी हा सल्ला बरोबरच आहे. पण शेवाळाची विषं उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं. 2 ऑगस्ट 2014 ला अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या सुमारे पाच लाख लोकांना पहाटेच सांगण्यात आलं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. ईरी सरोवरातलं शेवाळ पाणी उपसण्याच्या जागेपाशी जमलं होतं आणि शुद्ध केलेल्या पाण्यातही मायक्रोसिस्टिन हे विष सापडलं होतं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा. तीन दिवस नळ असून नसल्यासारखे. आमच्याकडे तसं काही झालं नाही. पण ती बातमी वाचल्यावर आमच्यातल्या पाच-सहा जणींना झोप लागली नाही, आणि पुढच्या बैठकीला तीस माणसं आली.

तीसजणांनी पहिलं काय केलं? कचरा उचलला. पिशव्या, बाटल्या, थर्माकोल. त्या दिवशी दंड दुखत होते आणि मन हलकं झालं होतं. आजही काठाच्या सफाईला शंभर जण येतात, तबकडीच्या होडीत दोघं-तिघं. मी सफाईला कधीच नाही म्हणणार नाही, तिच्यामुळे माणसं तळ्याजवळ येतात. पण पाणी हिरवं होतं ते बाटल्यांमुळे नव्हे. ज्याने होतं ते दिसत नाही. कॅनडात ओंटारिओतल्या जंगलात तळी प्रयोगासाठी राखून ठेवलेली आहेत. तिथलं 226 क्रमांकाचं तळं डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली मधोमध पडदा टाकून दोन भागांत विभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडलं, दुसऱ्यात त्याच दोन्हींबरोबर फॉस्फरस. वरून घेतलेल्या छायाचित्रात एक अर्धं तळं काळंभोर आहे आणि दुसरं वाटाण्याच्या सालीसारखं हिरवं. ते छायाचित्र मी बैठकीत दाखवलं तेव्हा खोलीत कुणी बोलेना. फॉस्फरस आमच्या मोरीतून जात होता, संडासातून जात होता, वरच्या शेतांच्या खतातून आणि आमच्याच बागांतून जात होता. दोषी कुणीतरी दुसरं असण्याची सोय त्या एका चित्राने संपवली.

त्यावेळी मला जपानमधल्या बिवा सरोवराकाठच्या बायकांचा आधार वाटला. 1977 च्या मे महिन्यात ते सरोवर तांबूस झालं, पाण्यावर माशांचा उग्र वास सुटला. एक कोटीहून जास्त लोकांच्या पिण्याचं पाणी ते. धुण्याच्या पावडरीतला फॉस्फरस हे त्याचं एक कारण आहे हे कळल्यावर काठच्या गृहिणींनी ती पावडर सोडली आणि साबण वापरायला लागल्या. तळणीचं उरलेलं तेल गोळा करून त्याचा साबण केला. साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही, कपडे पिवळे पडतात, वेळ जास्त लागतो. तरी दारोदार जाऊन त्या सांगत राहिल्या. 1979 साली तिथल्या प्रांताने फॉस्फरस असलेल्या धुलाई पावडरीची विक्री आणि वापर बंद करणारा नियम केला, 1980 च्या जुलैपासून तो लागू झाला. उद्योगाचा विरोध होता, तरी झाला. मला त्यातला नियम महत्त्वाचा वाटतोच, पण डोळ्यांसमोर येतात ते दोरीवर वाळत घातलेले किंचित पिवळट सदरे. कुणाच्या तरी घरी त्यावरून कुरबूर झालीच असेल. कुणीतरी बाई "असू दे पिवळा" म्हणाली असेल. सरोवर वाचवण्याचं काम त्या वाक्यात झालंय असं मला मनापासून वाटतं.

तळ्यात येणारा आमचा सांडपाण्याचा नाला वळवायला चार वर्षं लागली. अर्ज, नकाशे, पुन्हा अर्ज, साहेब बदलले की पहिल्यापासून सगळं. शेवटी एका दुपारी सांडपाण्याचं तोंड बंद झालं आणि आम्ही काठावर उभं राहून एकमेकींना मिठ्या मारल्या. मग वाट बघितली. एक उन्हाळा गेला, पाणी हिरवंच. दुसरा गेला, आणखी हिरवं. लोक विचारायला लागले, आणि मग विचारायचेही थांबले. सगळ्यांत कठीण काळ तो होता, नाल्याच्या लढाईपेक्षाही कठीण. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकवत नव्हतं. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1941-42 सालीच दाखवून दिलंय की तळाशी प्राणवायू असेल तोवर गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. प्राणवायू संपला की पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेलं सगळं पुन्हा वर येतं. म्हणजे आम्ही आज नाला बंद केला तरी तळं आमचं तीस वर्षांपूर्वीचं सांडपाणी आम्हाला परत देत होतं. सिॲटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवराची गोष्ट मी सगळ्यांना सांगत असे. तिथं 1955 मध्ये शेवाळाची धोक्याची जात दिसली, डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी पुढे काय होणार ते आधीच सांगितलं, आणि लोकांनी 1958 मध्ये मतदान करून स्वतःवर खर्च ओढवून घेतला. पहिल्यांदा ठराव पडला, सहा महिन्यांनी मंजूर झाला. 1963 ते 1968 या काळात सांडपाणी वळवलं. एक मीटरहून कमी दिसत होतं तिथं काही वर्षांत कितीतरी खोलवर दिसू लागलं. पण ते सरोवर 65 मीटर खोल आहे. आमचं चार मीटर. उथळ तळ्याचा गाळ नेहमी हाताशी असतो, वाऱ्यानेही ढवळतो. हे मी सांगत नसे. गोष्टीचा तेवढा भाग मी गाळायची, कारण लोकांनी निघून जाऊ नये असं मला वाटायचं.

ती सवय तेव्हाची असावी.

मधल्या आठवड्यात मी एका रात्री जुन्या वह्या काढल्या. नऊ वर्षांतले दोनशेहून जास्त आकडे. पहिली पाच वर्षं दोरी अण्णांच्या हातात होती, नंतर त्यांचे गुडघे गेले म्हणून ती माझ्याकडे आली. पहिल्या पाच वर्षांत 0.9 पासून 1.2 पर्यंत आकडा खालीवर होत राहतो. माझ्या हातात दोरी आली त्या महिन्यापासून 1.4. त्या वर्षी आम्ही आनंदाने सगळ्यांना कळवलं होतं, तळं सुधारतंय म्हणून. त्या जोरावर काहीजण परतही आले होते. वहीतली ती चढण तळ्याची होती की माझी, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. मी पेन्सिल घेऊन खूप वेळ बसले होते. तो काळ खोडावा असं वाटलं नाही, ठेवावा असंही वाटलं नाही. शेवटी समासात तारीख घालून लिहिलं की इथून पुढे निरीक्षक बदलला आहे, आणि त्याच्या डोळ्यांना मोतीबिंदू आहे.

पंधरा दिवसांनी तो मुलगा वेळेआधीच येऊन बसला होता. दोरी मी त्याच्या हातात दिली. एका हाताने होडीचा काठ धरायचा, उन्हाकडे पाठ करायची, घाई करायची नाही, एवढं सांगितलं. अण्णांनी वल्हं आडवं ठेवलं. पाणी स्थिर झालं, मग तबकडीचा हलका बुडुक असा आवाज. मीही सवयीने वाकले आणि मग मुद्दाम मागे सरकून बसले, वही मांडीवर घेतली. समोर बांधावर एक खंड्या बसला होता, त्याच्याकडे बघत राहिले. "एक दहा," मुलगा म्हणाला. मग थोडा वेळ काहीच नाही. "एक वीस. अंधूक." दोरी ओली होत त्याच्या बोटांतून सरकत होती. "एक तीस. गेली." वर आणताना एक वीसला दिसली. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणेन, अजून आहे म्हणेन, असं त्याला वाटत होतं बहुतेक.

मी 1.25 लिहिलं. मग मागचं पान उलटून 1.6 वर एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी 1.3 लिहिलं आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली. त्या आकड्यापुढे सही त्याची हवी होती.